फेलिक्सच्या रायफलचा बोल्ट

८ नोव्हेंबर, शनिवार

आज फेलिक्सची साठी झाली. शिकारी मंडळाच्या लाकडी घरात सगळा गाव लोटला होता. युस्तिनाने नवऱ्याच्या साठीसाठी हरणाचा रस्सा रांधला होता, अक्रोड भरून गुंडाळलेला गोड पाव, पोटित्सा होती, वाइनला तोटा नव्हता. भाषणं झाली. मग जावई उठला. प्रिमोझ. फेलिक्सच्या लेकीला, नेझाला घेऊन ग्राझहून कायमचा परत आलाय म्हणे, तिकडची नोकरी सोडून. त्याने एक लांब खोका टेबलावर ठेवला. आत नवीकोरी रायफल. अक्रोडाचा दस्ता, नळी अशी निळीकाळी की दिवा त्यात दिसत होता. सगळे माना पुढे काढून बघायला लागले. फेलिक्सच्या डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षं आम्ही दोघं एका मचाणावर बसतोय, ह्या माणसाच्या डोळ्यांत मी पाणी एकदाच पाहिलंय, माझ्या ओल्गाला मातीत ठेवली त्या दिवशी.

माझी भेट माझ्या कोटाच्या खिशात होती. सबंध ऑक्टोबर बसून मी त्याच्यासाठी बंदुकीचा चामडी पट्टा शिवला होता, दुहेरी टाक्याचा. तिथे सगळ्यांसमोर ती रायफल चकाकत असताना कागदात गुंडाळलेला पट्टा काय काढायचा? निघताना दारात दिला. फेलिक्सने तो बोटांवरून फिरवला, म्हणाला, "हा तू शिवलास?" आणि सदऱ्याच्या आत घातला. एवढंच. 

पोट बिघडल्याचं सांगून लवकर आलो. युस्तिनाने मागोमाग ताट पाठवलं, चौघांना पुरेल एवढं. उरलंसुरलं कुणाच्या तरी गळ्यात घालायचंच असतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सेंट मार्टिनचा दिवस. दर वर्षी नवी वाइन आम्ही माझ्या स्वयंपाकघरात चाखतो. दुपारी फेलिक्सची जीप घरासमोरून गेली. शेजारच्या सीटवर प्रिमोझ होता. माझ्या सीटवर.

परत येताना हॉर्न वाजवला. मी कपाटामागे पाय मोकळे करत उभा होतो, दाराकडे जाईपर्यंत गेले असते, म्हणून गेलो नाही. बराच वेळ थांबले होते खरे.

मला काही फरक पडत नाही. माणसाला जावई असला की तो जावयाबरोबर फिरणारच.

१६ नोव्हेंबर, रविवार

धुकं. एकटाच मचाणावर बसलो. उजाडता उजाडता एक मादी दोन पाडसांसह आली, अगदी खाली, त्यांचं चावणं ऐकू येत होतं. एक पाडस लंगडत होतं. उजवा मागचा पाय. फेलिक्स म्हणाला असता, डावा आहे, आणि आम्ही दिवसभर त्यावर वाद घातला असता.

घरी येऊन बटाटे खाल्ले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दुकानात युस्तिना भेटली. तक्रारच करायला लागली, की लुडविक, तू घरात असतोस की नसतोस, फेलिक्स दोनदा येऊन गेला. मी म्हटलं, छप्पर दुरुस्त करतोय, ठोकाठोकीत ऐकू येत नाही. ती वर आकाशाकडे बघून म्हणाली, सध्या सगळ्यांचीच छपरं गळतात वाटतं. तिला काय म्हणायचं होतं कोण जाणे. नंतर म्हणाली की फेलिक्सला तुझ्याशी काही बोलायचंय, प्रिमोझबद्दल. हे मी आधीच ओळखलं होतं. आता प्रिमोझशिवाय बोलायला आहे काय त्याच्याजवळ?

२३ नोव्हेंबर, रविवार

आज आलाच. हॉर्न वगैरे नाही, सरळ मागच्या दाराने. हातात ती रायफल.

म्हणाला, दुकानदाराने सांगितलंय की बंदूक तयार आहे, पण तू उघडून पाहिल्याशिवाय मी ती जंगलात नेणार नाही. कारखान्यातून येताना बोल्टमध्ये गंज लागू नये म्हणून जाड ग्रीस भरून पाठवतात, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. सगळ्या मंडळाच्या बंदुका मीच उघडतो. लाकडाच्या कारखान्यात आयुष्यभर फिटर होतो, हात आपोआप चालतात. म्हणजे फुकटचा कारागीर हवा तेव्हा लुडविकची आठवण होते.

रायफलला माझा पट्टा लावला होता. दुकानाचा भारी पट्टा कुठेतरी हरवला असणार.

मग कॉफी पीत त्याने मुद्दा काढला. प्रिमोझला शिकारी व्हायचंय. नियमाप्रमाणे वर्षभर बंदुकीशिवाय जुन्या शिकाऱ्याच्या मागे फिरायचं, मग परीक्षा. फेलिक्सला वाटतं, मी त्याला शागीर्द म्हणून घ्यावं. "माझ्यापेक्षा तू बरा शिकवशील," म्हणाला. "मी जावयाला रागावू शकणार नाही. आणि पोराला इथे कोण आहे? नेझा आणि आम्ही दोघं म्हातारे. तुझ्याकडे आला तर तुलाही..." तिथे थांबला.

मलाही काय? सोबत? म्हाताऱ्याला पोर सांभाळायला द्यायचं, म्हणजे दोघांचाही प्रश्न मिटतो. मी म्हटलं, बघू.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी उजेड चांगला होता, खिडकीपाशी जाड कापड अंथरून रायफल घेतली. आधी मॅगझिन काढलं, नळीत काडतूस नाही ना ते डोळ्यांनी आणि बोटाने पाहिलं. मग बाजूची खिट्टी दाबून बोल्ट मागे ओढला. हातात आला.

खोटं कशाला लिहू? असा बोल्ट मी आजवर हातात धरला नव्हता. तोंडाशी दोन जाड कान, नळीच्या मागे जाऊन अडकणारे, त्यांच्यावर कुठे ओरखडा नाही. पोलादावर यंत्राची एक रेघ नाही. रिकामं काडतूस ओढून काढणारी आकडी नखाने उचलून पाहिली, परत बसताना घड्याळासारखी बसली. तोंडावरच्या बारीक भोकातून पिन किती बाहेर येते ते पाहिलं. बरोबर. माझी रायफल मी कारखान्यातला पहिला बोनस मिळाला तेव्हा घेतली, बोल्ट आता इतका सैल आहे की चालताना खुळखुळतो. हेवा नाही म्हणत मी. वस्तू चांगली आहे एवढंच.

बाहेरचं सगळं ग्रीस चिंधीने पुसलं, मग दुसऱ्या चिंधीवर पातळ तेल घेऊन हलका हात फिरवला. कानांच्या मागच्या बाजूला, जिथे पोलाद पोलादावर घासतं, तिथे गव्हाच्या दाण्याएवढं नवं ग्रीस लावलं. मागे चढणीवर, जिथे बोल्ट फिरवताना पिन मागे ताणली जाते, तिथेही तेवढंच. फार लावलं की धूळ बसते.

राहिलं आतलं. काडतुसाच्या बुडावर आदळणारी पिन आणि तिची स्प्रिंग बोल्टच्या पोटात असते, आणि तिथे कारखान्याने पिवळं ग्रीस ठासून भरलं होतं, हिवाळ्यातल्या मधासारखं घट्ट. ते काढून आतला भाग जवळजवळ कोरडा ठेवायचा असतो. त्यासाठी स्प्रिंग दाबून पिन सोडवायची. तेवढ्यात खिडकीतून जीप दिसली. चर्चकडे चालली होती. फेलिक्स हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि प्रिमोझ हसत होता, डोकं मागे टाकून. अस्वलाने आमचे सँडविच पळवले तीच गोष्ट असणार, त्या हातवाऱ्यांवरून मी ओळखली. त्या गोष्टीत झाडावर मी चढलो होतो.

आज माझा उजवा हात सांध्यात दुखत होता. स्प्रिंग जोरात असते. कारखान्यानेही काही विचार करूनच घातलं असेल. बोल्ट परत बसवला. छान चालतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

फेलिक्स रायफल न्यायला आला. त्याने इथेच टेबलाशी उभं राहून बोल्ट मागेपुढे केला, एकदा, परत एकदा, मग चाप ओढून कान दिला. माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "तू केलंयस म्हणजे झालं."

आतून केलेलं नाही हे त्याला सांगायचं होतं, पण तो घाईत होता. डुकराची चरबी लावून पाव खाल्ला, दोन कप कॉफी घेतली, ओल्गा भांडली की कशी आधी टाचा आपटत स्वयंपाकघरात जायची त्याची नक्कल केली, माझं छप्पर बघून कुठे गळतं ते विचारलं. (कुठेच गळत नाही.) अशा गडबडीत कामाचं बोलणं होत नाही.

प्रिमोझबद्दल परत विचारलं. मी म्हटलं, हिवाळा जाऊ दे.

६ डिसेंबर, शनिवार

खाणीजवळच्या मैदानावर नेमबाजी. फेलिक्सच्या गोळ्या एकाच भोकातून गेल्यासारख्या बसल्या. मंडळाचा प्रमुख बोगोमिर स्वतः बोल्ट चालवून बघत होता, म्हणाला लोण्यातून सुरी जाते तसा जातो. फेलिक्स सगळ्यांना सांगत होता, लुडविकने बघितलाय. प्रिमोझने येऊन माझा हात हातात घेतला आणि आभार मानले, "काका, बाबा तुमच्याशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत."

पाहिलं? काही झालं नाही. उगाच माणूस मनाला लावून घेतो. हवा आज ऊबदार होती, वितळलेल्या बर्फाचं पाणी टपकत होतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पारा उतरायला लागला. सकाळी उठलो की आधी खिडकीबाहेरचा थर्मामीटर बघतो, का कोण जाणे, मला कुठे जायचं नसतं.

फेलिक्सकडे डुक्कर कापलं. मला बोलावणं होतं. गेलो नाही. संध्याकाळी प्रिमोझ रक्ताच्या सॉसेजची परडी घेऊन आला. मी दारातच घेतली. म्हणाला, मसाला मी घातलाय, बाबा म्हणतात लुडविककाकांना जास्त मिरं लागतं. आता माझं मिरंसुद्धा त्या घरात चर्चेला असतं. सॉसेज चांगली होती. मिरं कमी होतं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

परवा रविवारी मोठा हाकारा, रानडुकरांचा. विहिरीच्या हातपंपावर जाड बर्फ धरलाय. ग्रीस थंडीत घट्ट होतं, पिन त्यातून जोराने जात नाही, हे फेलिक्सलाही ठाऊक आहे. त्याने एकदा तरी उघडून बघितलं असेल. इतक्या दिवसांत कुणीही बघेल.

तरी फोन केला. प्रिमोझने उचलला. बाबा गोठ्यात आहेत, बोलावू का, म्हणाला. आवाजात ऊब होती, मागे नेझा हसत होती, भांडी वाजत होती. मी म्हटलं, राहू दे. काही निरोप? काही नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

काल लिहू शकलो नाही. आज जसं झालं तसं लिहितो.

सकाळी जागा वाटताना फेलिक्स सर्वांसमोर म्हणाला, प्रिमोझ आज लुडविकच्या मागे उभा राहू दे. त्याला वाटलं असेल चारचौघांत मी नाही म्हणणार नाही. मी म्हटलं, "माझ्याकडे कोणी नको. ज्याचा जावई त्याने सांभाळावा." काही जण हसले. फेलिक्स हसला नाही. त्याने प्रिमोझच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं त्यांच्या जागेकडे निघाले, मधल्या घळीपलीकडे, मला स्पष्ट दिसतील अशा ठिकाणी. मी बघत होतो. फेलिक्स त्याला हाताने वाऱ्याची दिशा दाखवत होता. तीच जी मला सांगायची कधी गरज पडली नव्हती.

हाकारा सुरू झाला, कुत्री भुंकायला लागली. वरच्या बाजूला बोगोमिरने बार टाकला. मग कुणीतरी ओरडलं की जखमी आहे, खाली येतोय. मोठा नर होता, बर्फ उडवत सरळ त्या दोघांकडे आला. फेलिक्सने शांतपणे नेम धरला. एवढ्या जवळून तो कधी चुकलेला नाही.

चाप ओढल्याचा आवाज मला घळीपलीकडे आला. नुसता टक्. बार नाही.

त्याने बोल्ट ओढला, दुसरं काडतूस घातलं. परत टक्.

मी तेव्हा त्यांच्याकडे पळायला लागलो होतो. फेलिक्सने रायफल टाकली, दोन्ही हातांनी प्रिमोझला बीच झाडाच्या खोडामागे ढकललं आणि स्वतः मध्ये उभा राहिला. डुकराने त्याला उचलून बाजूला फेकलं आणि ते परत वळलं. मी घळ चढून वर आलो आणि चार हातांवरून त्याच्या कानामागे गोळी घातली.

फेलिक्सची मांडी फाटली होती. प्रिमोझने स्वतःच्या कमरेचा पट्टा काढून ती वर आवळून बांधली, घाई नाही, गोंधळ नाही, तोंडाने बाबांशी बोलत. मी गुडघ्यावर बसून फेलिक्सचं डोकं धरलं होतं. त्याने डोळे उघडून विचारलं, "प्रिमोझला लागलं का?" माझ्याकडे बघून विचारलं ते. आणि देवा, त्या क्षणीसुद्धा मला टोचलं, की त्याने आधी त्याचं नाव घेतलं.

नोवो मेस्तोच्या हॉस्पिटलात शस्त्रक्रिया झाली. पाय राहील म्हणतात.

मंडळाच्या घरात सगळ्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. बोगोमिरने स्प्रूसची डहाळी रक्तात बुडवून, रीतीप्रमाणे, माझ्या टोपीत खोवली. युस्तिनाने हॉस्पिटलात माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. आयुष्यात माझं इतकं कौतुक कधी झालं नव्हतं. टोपी मी बाहेर लाकडाच्या ढिगावर ठेवून दिली आहे. घरात आणवत नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

बोगोमिर रायफल आणि न उडालेली काडतुसं घेऊन आला. काडतुसांच्या बुडावर पिनेचा पुसटसा ठसा होता, नखाने खरवडल्यासारखा. त्याचं म्हणणं, काडतुसं तरी खराब आहेत नाहीतर बंदूक, तू उघडून बघ आणि कारण सांग, आपण कंपनीला पकडू. तुझा शब्द आला की मग मंडळात कुणी प्रश्न विचारणार नाही, म्हणाला.

तो गेल्यावर खिडकीपाशी कापड अंथरलं. बोल्ट काढला. स्प्रिंग दाबून पिन सोडवली. एका दमात सुटली. थंड पिवळं ग्रीस पिनेला अस्तरासारखं चिकटलं होतं. ते सगळं चिंधीवर काढलं, पोटात चिंधी घालून फिरवली, स्वच्छ होईपर्यंत. काय सोपं काम होतं.

आता बंदुकीत काही दोष नाही. मी गप्प राहिलो तर कुठेच काही नाही. ती चिंधी अजून टेबलावर आहे. चुलीत टाकायला दोनदा उठलो.

२६ डिसेंबर, शुक्रवार

हॉस्पिटलात गेलो. युस्तिना मला बघून उठली, आम्हाला बोलू द्यावं म्हणून बाहेर गेली. जाताना माझा गाल थोपटला.

फेलिक्स पिवळा पडलाय. मी खुर्ची ओढून बसलो आणि सरळ बोललो, नाहीतर परत बाहेर पडलो असतो. म्हटलं, आतलं ग्रीस मी काढलं नव्हतं.

तो म्हणाला, "माहीत आहे."

मला वाटलं त्याला ऐकू आलं नाही. त्याने परत सांगितलं, "तुझ्या स्वयंपाकघरात बोल्ट चालवला तेव्हाच कळलं होतं. चाप ओढल्यावर पिन जड आवाज करत होती. पण म्हटलं, लुडविकने ठेवलंय म्हणजे काहीतरी कारण असेल. नव्या बंदुकीला पहिल्या हंगामात लागत असेल. घरी येऊन उघडायचं मनात आलं. नाही उघडलं. उघडणं म्हणजे तुझ्यावर शंका घेणं."

मग माझ्या हाताकडे बघून त्याने विचारलं,

"हात दुखत होता का तुझा? थंडीत दुखतो तुझा हात."

त्याने मला सुटायला दार उघडं ठेवलं होतं. हो म्हटलं असतं की झालं असतं, तोही तेच म्हणाला असता सगळ्यांना. ह्याच वहीत मी तेच लिहून ठेवलंय. "नाही," मी म्हणालो. "हात दुखत नव्हता."

 त्याने विचारलं, का. मी सांगायचा प्रयत्न केला. जीपमधली सीट, मार्टिनच्या दिवशीची वाइन, अस्वलाची गोष्ट. मोठ्याने बोलल्यावर शाळेतल्या पोराचं भांडण वाटायला लागलं. तो म्हणाला, "मार्टिनच्या दिवशी आम्ही तुलाच न्यायला आलो होतो, लुडविक. बाटली पायाशी होती. हॉर्न वाजवून वाजवून प्रिमोझ म्हणाला, काका घरात नसतील. मी म्हटलं, आहे, पण येणार नाही."

मग त्याचा आवाज बदलला. "माझ्या पायाचं काही नाही. पण पोर माझ्या मागे उभं होतं. तू त्याला तिथे उभं केलंस. सकाळी, सगळ्यांसमोर. बंदुकीत काय आहे हे तुला माहीत असताना."

मी खुर्चीतून उठलो. 

"आता जा," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं.

बाहेर युस्तिना कॉफीचे दोन कप घेऊन उभी होती. मी तिलाही सांगितलं. तिने एक कप खिडकीत ठेवला, दुसराही ठेवला, आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

२८ डिसेंबर, रविवार

चिंधी कागदात घालून बोगोमिरकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्याने कागद उघडला, वास घेतला, मिटला. कंपनीला काही कळवणार नाही म्हणाला. मग विचारलं की हे चुकून राहिलं असं लिहू का, तसं लिहिलं तर मंडळ समज देऊन सोडेल. मी म्हटलं, चुकून राहिलं नव्हतं.

माझी रायफल आणि परवाना पोलिसांकडे जमा केला. मंडळातून नाव काढलं. बैठकीत कुणी काही बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कोट घालताना माझ्या शेजारची माणसं अशी सरकली, जशी ओल्या रंगाच्या भिंतीपासून सरकतात.

४ जानेवारी, रविवार

फेलिक्स घरी आला असं पावाच्या दुकानात कळलं. कुबड्या आहेत. दुकानदारीण मला काय हवं ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला विचारल्यासारखं विचारत होती.

दुपारी मचाणाखाली जाऊन उभा राहिलो. वर चढलो नाही, आता तो हक्क नाही. बर्फात खुरांचे ठसे होते, एक पाय ओढल्यासारखा. उजवा की डावा ते काही केल्या कळेना.

१७ जानेवारी, शनिवार

आज सकाळी पुढच्या दारावर थाप पडली. प्रिमोझ होता. एकटा. टोपी काढली नाही, काका म्हणाला नाही. हातात फडक्यात गुंडाळलेला बोल्ट, नुसता बोल्ट, रायफल नाही.

उंबऱ्यातच उभा राहून बोलला. "माझी यायची इच्छा नव्हती, हे आधी सांगतो. बाबांना आता बोटांत जोर नाही, औषधांनी कापतात. ते म्हणाले, बोल्ट कसा उघडायचा ते शिकून घे. मी म्हटलं, व्हिडिओ बघून करतो. ते म्हणाले, नाही. लुडविककडे जा."

मी विचारलं, आणखी काय म्हणाले. तो म्हणाला, आणखी काही नाही.

खिडकीपाशी कापड अंथरलं. मी सवयीने बोल्टकडे हात केला, तसा त्याने तो स्वतःकडे ओढून घेतला. "तुम्ही फक्त सांगा. हात लावू नका."

मी हात मांडीवर ठेवले आणि सांगितलं. आधी कान बघ, दोन्ही, उजेडाकडे तिरपा धरून. ओरखडा आहे का. आकडी उचलून बघ. आता मागचा भाग टेबलाच्या कडेला टेकव आणि दाबून फिरव. पहिल्यांदा निसटला, त्याच्या अंगठ्याची साल निघाली. मी खुर्चीतून अर्धा उठलो आणि परत बसलो. दुसऱ्यांदा पिन सुटली. त्याने ती पुसली, पोटात चिंधी घालून फिरवली, बाहेर काढून उजेडात बघितली. स्वच्छ होती, मीच केलेली होती. तरी त्याने आणखी एक चिंधी घेतली आणि पुन्हा फिरवली. बरोबर केलं.

तेल किती, त्याने विचारलं. मी म्हटलं, बोटाला लाव, मग ते बोट पुसून टाक, आणि पुसल्यावर जे राहील ते लाव. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मी चेष्टा करतोय का ते बघायला. करत नव्हतो. त्याने तसंच केलं.

मग मी सांगायच्या आत सगळं जोडलं. हुशार बोटं आहेत. माझी त्या वयात अशी नव्हती. फेलिक्सला घरात असा माणूस मिळालाय. तो घरी जाऊन बोल्ट दाखवील, फेलिक्स कान देऊन ऐकेल, दोघं डोकं जवळ आणून बोलतील. मला हेवा वाटला. जसा शरद ऋतूभर वाटत होता. फक्त आज त्याला मी दुसरं नाव दिलं नाही.

प्रिमोझने बोल्ट फडक्यात गुंडाळला. दारात थांबला. म्हणाला, थंडीत हे किती दिवसांनी उघडायचं? मी म्हटलं, दर हाकाऱ्याच्या आधी.

"म्हणजे फेब्रुवारीत एकदा," तो म्हणाला. "मला अजून एकट्याने जमणार नाही."

एकट्याने जमणार होतं. मी पाहिलं होतं. पण मी काही बोललो नाही, आणि तोही वाट बघत थांबला नाही, बर्फातून घराकडे चालायला लागला.